खाकरण्याची शिकवणी

शाळेत शिकवणाऱ्यांना हल्ली कोणी मास्तर म्हणत नाही, सर म्हणतात. त्यामुळे तो शब्द रिकामाच पडला होता. तो गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका गृहस्थांच्या वाट्याला आला आणि त्यांनी तो कोटासारखा अंगावर चढवला. बायकोसुद्धा चारचौघांत त्यांना मास्तरच म्हणे. दोघंच असताना काय म्हणे, हा या गोष्टीचा विषय नाही.

मास्तरांची गाडी पांढरी होती आणि शिकवायच्या गाडीला असतो तसा तिला शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक होता. इतर ठिकाणचे शिकवणारे ओरडतात, मध्येच स्टिअरिंगला हात घालतात, शिकणाऱ्याच्या खानदानाची चौकशी करतात. मास्तरांना हे सगळं अडाणीपणाचं वाटे. ते नुसते खाकरत. वळण जोरात घेतलंत, खाकरले. समोरून सायकल आली, खाकरले. चारपाच दिवसांत शिकणाऱ्याचा पाय खाकरण्याबरोबर आपोआप ब्रेकवर जायला लागे, आणि मास्तर समाधानाने खिडकीबाहेर बघू लागत. ‘शांतपणे शिका, पहिल्या फटक्यात पास व्हा’ अशी पाटीच त्यांनी दुकानावर लावली होती.

त्या पाटीला एकच डाग होता, कोपऱ्यावरचा बेकरीवाला. परीक्षेच्या दिवशी गाडीत बसलेल्या साहेबांना भयंकर सर्दी झाली होती. ते खोकले की बेकरीवाला गाडी थांबवे. रस्ता मोकळा, सिग्नल हिरवा, आणि हा भररस्त्यात थांबलेला. साहेबांनी ‘विनाकारण थांबतो’ असा शेरा मारून त्याला नापास केलं. मास्तरांनी या प्रकरणाचा सखोल विचार करून हवामान खराब होतं असा निष्कर्ष काढला आणि विषय संपवला.

तर असे हे मास्तर एका दुपारी मुलीच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात, दुसरीच्या मुलांच्या खुर्चीवर बसले होते. त्या खुर्चीवर बसलं की माणसाचे गुडघे कानाशी येतात आणि बाणेदारपणा दाखवणं जड जातं. पण मास्तर जिद्दीचे होते.

“बाई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय,” ते म्हणाले. “आमची भिंगरी गणितात पक्की आहे.”

भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. चालायला लागली ती स्वतःभोवती गरगर फिरतच, म्हणून हे नाव पडलं. बाईंनी टेबलाच्या खणातून तिचा चाचणीचा पेपर काढून मास्तरांसमोर धरला. पेपरच्या पलीकडे बाईंचा चष्मा दिसत होता, कारण उत्तरांच्या जागी भोकं होती.

“उंदीर?” मास्तरांनी विचारलं.

“खोडरबर,” बाई म्हणाल्या. “ती उत्तर लिहिते. बहुतेक वेळा बरोबर लिहिते, मी मागून बघितलंय. मग खोडते. दुसरं लिहिते, तेही खोडते. शेवटी कागद फाटतो आणि तास संपतो.”

“कागद हलका असेल.”

“बाकीच्यांचे नाही फाटले.”

“मग पेन्सिल?”

“मास्तर,” बाई म्हणाल्या. बाईंनी नोकरीची बरीच वर्षं तोंडं बघण्यात घालवली होती आणि समोरचं तोंड मुलाचं आहे की बापाचं, याने त्यांना फारसा फरक पडत नसे. “तिचा घरचा अभ्यास कसा असतो ठाऊक आहे? एक चूक नाही. पहिल्या दिवसापासून एकही नाही. शाळेत मात्र पाटी कोरी. मी काय समजायचं?”

“शाळेत काहीतरी चुकतंय असं समजायचं,” मास्तर उदारपणे म्हणाले.

“घरी तुम्ही तिला उत्तरं सांगता का?”

मास्तर दुखावले. या एका बाबतीत त्यांचं मन आरशासारखं होतं. बाकीचे आईबाप मुलांचे निबंध लिहितात, चित्रं रंगवतात, हे ते ऐकून होते आणि त्यांना त्याची किळस होती. “एक अक्षर नाही! मी नुसता शेजारी बसतो. जे करायचं ते तिचं ती करते. विचारा तिला.”

“विचारलं. तीही हेच म्हणाली.” बाईंनी पेपर खणात ठेवला. “हे बघा, पुढच्या महिन्यापासून ज्यांना हातच्याची वजाबाकी येत नाही त्यांचा मी वेगळा गट करतेय. चित्रकला आणि खेळाच्या तासाला ती मुलं माझ्याजवळ बसतील. माझ्या मते हिला येतंय. पण माझं मत कागदावर दिसत नाही, तिथे भोकं दिसतात. हिला त्या गटात घातलं तर आपल्याला येत नाही असं ही मनाशी पक्कं करून बसेल. नाही घातलं, तर तिसरीच्या बाई मला विचारतील की ही पोरगी वर कशी आली. गुरुवारी पालकांसाठी वर्ग उघडा आहे. येऊन मागे बसा आणि बघा. फक्त बोलायचं नाही.”

“बोलण्याची मला सवयच नाही,” मास्तर म्हणाले आणि खाकरले.

घरी त्यांनी ही सगळी हकिकत बायकोला सांगितली. भिंगरीची आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तिने भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं.

“बाईंना काही कळत नाही, एवढाच याचा अर्थ,” मास्तरांनी समारोप केला.

“असेल. पण मी समोरच्या पाटीवरचं अक्षर हळूच सांगत बसले ना, तर गावात एकालाही चष्मा लागणार नाही. आणि सगळे भिंतीवर आपटतील.”

“अगं पण मी सांगतच नाही!”

“मी कुठे म्हणाले सांगता म्हणून? मी माझ्या दुकानाचं बोलतेय.”

भिंगरी दारात उभी होती. मुलं अशा वेळी दारातच असतात. मास्तरांनी तिला जवळ घेतलं. “काय गं, शाळेत लिहिलेलं खोडतेस कशाला?”

“चुकलेलं असतं म्हणून.”

“बाई म्हणतात बरोबर असतं.”

“आधी बरोबर असतं,” भिंगरी म्हणाली, “मग चुकतं.”

“लिहिलेलं उत्तर आपोआप कसं चुकेल? कोण म्हणतं चुकलं?”

भिंगरीने थोडा विचार केला. “कोणी म्हणत नाही. कळतं.” आणि गरगर फिरत निघून गेली. मास्तरांनी बायकोकडे बघितलं. बायको भाजीकडे बघत होती.

गुरुवारी वर्गाच्या मागच्या भिंतीला खुर्च्या लावल्या होत्या. पालक आले, एकमेकांची मुलं कोणती ते हळूच विचारून झालं, आणि आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही अशी खात्री झाल्यावर सगळे ताठ बसले. मास्तरांच्या शेजारी कोणाचेतरी आजोबा होते. गळ्याला मफलर, हातात रुमाल, नाक लाल. “सून म्हणाली घरीच बसा,” ते मास्तरांना म्हणाले. “पण नातू आज फळ्यावर जाणार आहे. मेलो तरी येणार म्हटलं.”

नातू फळ्यावर गेला आणि उत्तर चुकवून आनंदाने जागेवर आला. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी भिंगरीला बोलावलं. बावन्न वजा सत्तावीस.

मास्तर पुढे सरकले. भिंगरीने खडू घेतला. टाचा उंचावून तिने बावन्न लिहिले, खाली सत्तावीस लिहिले. दोनातून सात जात नाहीत. तिने पाचावर काट मारून चार केले, दोनाचे बारा केले. बारातून सात गेले, पाच. चारातून दोन गेले, दोन. फळ्यावर पंचवीस उमटले, टपोरे आणि सरळ. मास्तरांनी शेजारच्या सगळ्या खुर्च्यांवरून एक नजर फिरवली.

आजोबांना ठसका लागला.

भिंगरीचा डावा हात डस्टरवर गेला. पंचवीस पुसले गेले. थोडा वेळ ती थांबली आणि तिने पस्तीस लिहिले. आजोबांनी रुमाल तोंडाशी धरला, पण खोकला रुमालाचं ऐकणारा नव्हता. पस्तीस पुसले गेले. पंधरा लिहिले गेले. वर्गातली मुलं हसायला लागली. एका पोराने ओरडून सांगितलं, “अगं पहिलं बरोबर होतं!” भिंगरीने त्याच्याकडे बघितलंही नाही. बाई म्हणाल्या, “पहिलं बरोबर होतं, बाळा,” तर तिने बाईंकडेही अविश्वासानेच बघितलं. तिला कोणाचं काही ऐकायचंच नव्हतं. तिचा कान वर्गाच्या मागच्या भिंतीला लागला होता.

मास्तर आधी आजोबांवर चिडले. सर्दी झालेल्या माणसाला शाळेत सोडतात कसे? ते खुर्चीत वळले आणि आजोबांना सभ्य शब्दांत काही सांगावं म्हणून त्यांनी सवयीने घसा साफ केला.

डस्टर फिरलं. या वेळी पंधराबरोबर बावन्न आणि सत्तावीससुद्धा गेले. फळा स्वच्छ झाला.

आणि त्या स्वच्छ फळ्यावर मास्तरांना अचानक बेकरीवाला दिसला. मोकळा रस्ता, हिरवा सिग्नल, आणि मधोमध थांबलेली पांढरी गाडी. भिंगरीचा हात डस्टरवर जाताना मान वळली नव्हती, डोळे वळले नव्हते, नुसता हात गेला होता. असा पाय ब्रेकवर जावा म्हणून मास्तर लोकांकडून रोख पैसे घेत. इथे त्यांनी ते फुकटात शिकवलं होतं.

रोज संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलाशी तिच्या शेजारी बसत. तिच्या डाव्या हाताला, गाडीत बसतात तसेच. ती लिहायची, ते खिडकीबाहेर बघायचे. चूक झाली की खाकरायचे. ती खोडायची. पुन्हा चूक झाली, पुन्हा खाकरायचे. मग कधीतरी शांतता व्हायची, आणि शांतता म्हणजे बरोबर. एक अक्षर सांगितलं नव्हतं, हे शपथेवर खरं होतं.

वर्ग सुटल्यावर मास्तर बाईंच्या टेबलाशी गेले. आपली चूक सांगायला लागणारे शब्द त्यांच्याकडे फारसे शिलकीत नव्हते, तेव्हा त्यांनी धंद्याच्या भाषेत सांगितलं. “बाई, दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे.”

“म्हणजे?”

मास्तरांनी खाकरून दाखवलं. दारात दप्तर भरत उभ्या असलेल्या भिंगरीने दचकून डब्यात ठेवलेली पेन्सिल परत बाहेर काढली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं. मग त्या खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून हसू लागल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा पुसला. “प्रत्येक पालकसभेत मी घसा फोडून सांगते, मुलांना उत्तरं सांगू नका. खोकू नका, हे सांगायचं राहिलंच.”

“आता?”

“आता काय, तिच्या चुका मला पाठवा.”

“चुका?”

“त्या माझ्या आहेत. त्यांच्यावर माझी नोकरी चालते. हिला काय येत नाही हे घरच्या अभ्यासातून मला कळायला हवं, तर तुम्ही सगळ्या चुका घरीच ठेवून घेता आणि मला धुऊन इस्त्री केलेली वही पाठवता. मी शिकवू काय त्याच्यावर? मास्तर, तुमच्याकडे शिकणारा घरूनच सगळं शिकून आला तर तुम्ही कुठे बसाल?”

“घरी,” मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

“मग? दोन आठवडे. काय चुकायचं ते चुकू दे. मीही पडताळा शिकवते, उत्तरात खालची संख्या मिळवून वरची परत येते का ते बघायचं, म्हणजे उत्तर बरोबर आहे का हे तिचं तिला कळेल. मग पुन्हा चाचणी घेते आणि गटाचं ठरवते. शेजारी बसा खुशाल. पण मुके बसा.”

मास्तरांना वाटलं, यात काय अवघड आहे? गर्दीच्या चौकात, नवशिक्याच्या शेजारी, चहाचा घोट न सांडता बसणारा माणूस मी.

पहिल्याच संध्याकाळी भिंगरीने चौसष्टातून अडतीस वजा केले. चारातून आठ जाईनात, म्हणून तिने सोयीस्करपणे आठातून चार काढले आणि खाली चौतीस लिहिले. लिहून झाल्यावर ती थांबली. तिने वाट बघितली.

मास्तरांनी तोंडात खोकल्याची गोळी धरली होती. त्यांनी ती दुसऱ्या गालात नेली. समोर ढळढळीत चौतीस होते. सायकलवाला आडवा आलाय, गाडी सरळ त्याच्यावर चाललीय, आणि आपण खिडकीबाहेर बघायचं!

“बाबा?”

“हं.”

“बरोबर आहे?”

“मला काय माहीत,” मास्तर म्हणाले. आयुष्यात हे वाक्य ते पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळे ते जरा घोगरं निघालं.

“तुला माहीत नाही?” भिंगरीचे डोळे मोठे झाले. “आईला विचारू?”

“मला दूरचं दिसतं फक्त,” आई आतून ओरडली. मग बाहेर येऊन तिने टेबलाखाली वाकून बघितलं. “अहो, ही फरशी कशाला रेटताय? खालच्यांच्या डोक्यावर पडेल.”

मास्तरांनी उजवा पाय उचलून खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. चौतीस तसेच शाळेत गेले, आणि दुसऱ्या दिवशी लाल खुणेसह परत आले. मास्तर त्या खुणेकडे, नव्या गाडीला पडलेल्या पहिल्या ओरखड्याकडे बघावं तसे बघत राहिले. भिंगरीला मात्र तिचं काही वाटलं नाही. उलट ती खूष होती. “बाईंनी माझ्यासाठी दशक सुटं करून दाखवलं, काड्यांचं. फक्त माझ्यासाठी!”

त्या दोन आठवड्यांत मास्तरांनी गोळ्यांचा डबा संपवला. लाल खुणा आल्या, मग कमी झाल्या, मध्येच एका दिवशी पुन्हा ढीगभर आल्या. मास्तरांनी खुर्ची हळूहळू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथून त्यांना वही उलटी दिसायची, आणि उलटे आकडे वाचायला ते स्वतःहूनच शिकले, ही गोष्ट निराळी. एका संध्याकाळी भिंगरीने उत्तर लिहिलं, त्यात खालची संख्या मिळवली, आणि स्वतःशीच पुटपुटली, “हे परत येत नाही. कुठेतरी सांडलं.” तिने खोडरबर उचललं. मास्तरांनी तोंड उघडलंसुद्धा नव्हतं.

चाचणी झाली. मास्तर शाळेच्या फाटकापाशी उभे राहिले. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पेपर होता, आणि त्याच्या आरपार काही दिसत नव्हतं.

“दोन चुकली,” बाई म्हणाल्या. “पण सगळी लिहिली.”

“म्हणजे गट नाही?”

“तेच सांगायला आलेय. आज वर्गात एकही पोरगं खोकलं नाही. कोरडी हवा आहे. मला अजून खात्री नाही, मास्तर. सध्या तिला वर्गात ठेवते. पण सर्दीचे दिवस आले आणि पुन्हा भोकं पडली, तर मग गट. कबूल?”

“कबूल,” मास्तर म्हणाले.

दरम्यान बेकरीवाला पुन्हा शिकायला आला होता. मास्तरांनी त्याच्या शेजारी बसून दोन्ही पाय सीटवर घेतले आणि मांडी घातली. बेकरीवाल्याने चौकात गाडी नेली आणि सवयीने कान टवकारले. आवाज आला नाही. “मास्तर, थांबू का?”

“रस्ता बघा आणि ठरवा.”

“बरं नाही का तुम्हाला?”

“मी उत्तम आहे. मला विचारू नका, रस्त्याला विचारा.” बेकरीवाल्याने इकडेतिकडे बघितलं, एका म्हाताऱ्याला जाऊ दिलं आणि मग वळण घेतलं, थोडं मोठं पण स्वतःचं. मास्तरांनी त्याला शाबासकी दिली आणि खिडकीबाहेर बघता बघता शिंकले.

हवा बदलली होती. दोन दिवसांत मास्तरांचं नाक मफलरवाल्या आजोबांसारखं झालं. संध्याकाळी भिंगरी अभ्यासाला बसली तेव्हा ते म्हणाले, “मी आज आत बसतो.”

“का? तू बस ना,” भिंगरी म्हणाली. “फक्त वही उलटी वाचू नकोस.”

मास्तर टेबलाच्या त्या टोकाला बसले. भिंगरीने पहिली वजाबाकी मांडली. मास्तरांच्या घशात काहीतरी वळवळायला लागलं. त्यांनी गोळी चघळली, श्वास धरला, छताकडे बघितलं. दारात भिंगरीची आई हात पुसत उभी राहिली होती आणि तिचा टॉवेल हातातच थांबला होता. भिंगरीने उत्तर लिहिलं, एकेचाळीस. मास्तरांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी जे आत इतका वेळ दाबून धरलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. टेबल हललं. खोडरबर घरंगळत वहीपाशी जाऊन थांबलं.

भिंगरीने ते उचललं. हातात धरलं. मग बोटांवर मोजत तिने खालची संख्या एकेचाळीसात मिळवली, वरच्या संख्येकडे बघितलं, आणि खोडरबर डब्यात टाकून डब्याचं झाकण लावलं.

“बाबा,” मान वर न करता ती म्हणाली, “पाणी पी.”